हवेची गादी

ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला त्या सुमारास माझे यजमान प्लासिड आडवे व्हायचे बंद झाले. पाठ टेकली की त्यांना श्वास पुरत नसे. ओटीवर लाकडी खुर्ची, पाठीमागे नारळाच्या सोडणांनी भरलेलं पोतं, त्यावर उशी, असे बसल्या बसल्या ते झोप काढायचे. कुणी विचारलं तर सांगायचे, केळीचे घड चोरीला जातात, राखण करतोय. आमच्या नंदाखाल गावात घड चोरीला जातातच, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

मी डॉक्टरचं नाव काढलं त्या दिवशी त्यांनी मला घरातल्या आल्तारीसमोर नेलं आणि क्रुसावर हात ठेवायला लावला.

"एरॉलला सांगायचं नाही. सांगितलंस तर तो मला नायगावला सातव्या मजल्यावर नेऊन ठेवील. तिथून मी परत यायचा नाही."

वाडीशिवाय हा माणूस जगणार नाही हे मला ठाऊक होतं. अशा श्वासाने तरी किती दिवस काढील, हेही समोर दिसत होतं. तरी मी हात ठेवला.

मे महिन्यात एरॉलने ठरवलं की सगळ्यांनी मिळून केळव्याला जायचं, सुरूच्या बनात तंबू लावून राहायचं. एरॉल आमचा एकुलता एक. त्याची बायको नताशा आणि मुलगी टिफनी, तिघं नायगावला राहतात. रविवारच्या मिस्सानंतर ते तंबू आणि झोपायचं सगळं सामान गाडीत घालून आमच्याकडे आले. नताशा म्हणाली, "तिथे जाऊन कुणाची कंबर धरायला नको. कोण कशावर झोपणार ते आधी इथेच करून बघू."

एरॉल माडाखाली तंबू ठोकायला लागला. प्लासिड खुर्चीतून ओरडले, "नारळाखाली तंबू? वाडीवाल्याचा पोर ना रे तू?"

"माझ्या डोक्यावर पडला तर नारळच फुटेल, पप्पा."

"तेच म्हणतो. नारळ महाग झालेत."

सगळे हसले. मी हसले नाही. एवढं बोलून त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते, ते फक्त मला दिसलं.

शेवटी तंबू घरासमोरच्या खळ्यात उभा राहिला. सामानात फोमच्या दोन पातळ चटया होत्या, एक घडीची खाट होती आणि पायाने पंप मारून फुगवायची मोठी गादी. नताशाने वाटण्या केल्या. चटया तिला आणि एरॉलला, खाटेवर बॅगा, आणि हवेच्या गादीवर आम्ही दोघं, मध्ये टिफनी.

"ह्यांना खाट द्या," मी म्हटलं. "डोक्याकडून जरा उंच करू."

"उंच कशाला?" एरॉलने विचारलं.

"जेवलेलं वर येतं त्यांचं."

मी धावत जाऊन दोन विटा आणल्या आणि खाटेच्या वरच्या पायांखाली ठेवल्या. प्लासिड बसले, मागे रेलले आणि कापडावरून हळूहळू खाली सरकत पायथ्याशी आले.

"मम्मी, ही तर घसरगुंडी झाली!" नताशा म्हणाली.

मग मी सोडणांचं पोतं उचलून तंबूत नेलं. पण पोत्याला टेकायला भिंत लागते आणि तंबूला भिंत कुठली? रेललं की पोतं कापडाला ढकलत बाहेर जायचं. मी उशा रचल्या, घोंगडी गुंडाळून लावली, शेवटी चुलीपुढे बसायचा पाटही आणला. घामाने माझं लुगडं पाठीला चिकटलं. काही केल्या त्या माणसाची पाठ उभी राहील असं काही जमेना.

एरॉल कमरेवर हात ठेवून बघत होता. "अगो मम्मी, एका रात्रीसाठी काय सिंहासन बांधतेस?"

"मग तुम्ही जा. आम्ही दोघं घरी थांबतो."

"मी का थांबू?" प्लासिड म्हणाले. त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "मला गादी चालेल. कसलीही."

"बघा!" नताशा म्हणाली. "उगीच तुम्ही चिंता करता, मम्मी. पप्पा, जरा झोपून दाखवा."

आणि ते झोपले. हवेच्या गादीवर, उशी एकच, सरळ उताणे. टिफनी त्यांच्या बाजूला जाऊन पडली. "आजोबा, केळव्याला तुम्ही मला भुताची गोष्ट सांगायची."

ते हसले. बोलले नाहीत. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते. शीर फुगून दोरीसारखी झाली होती. पायाची बोटं आकसून आत वळली होती. ओठांचा रंग उतरत चालला होता आणि ते हसतच होते, आणि एरॉल तंबूच्या दारातून गादीच्या किमती सांगत होता.

मी चादर सारखी करते असं दाखवत खाली वाकले आणि उशाकडचं बूच उपटलं.

फुस्स करून हवा सुटली. गादी बसली, दोघं एकमेकांवर कलंडली, टिफनी खिदळायला लागली. प्लासिड माझ्या हाताला धरून उठले, गुडघ्यांना मिठी मारून बसले आणि तोंड उघडून श्वास ओढत राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. मला वाटलं, सुटलो. आता एरॉल वैतागून म्हणेल, ही गादी नकोच.

"बूच सैल होतं वाटतं," एरॉल म्हणाला आणि पंप घेऊन पायाने मारायला लागला. गादी पुन्हा उठत गेली, टणक, सपाट. "पप्पा, परत एकदा. आता जरा जास्त वेळ पडा. हवा टिकते का ते कळायला हवं."

आणि हा माणूस परत आडवा व्हायला लागला. एक कोपर टेकलं. मग दुसरं. डोळे माझ्यावर. त्या डोळ्यांत राग असता तर मी गप्प बसले असते. त्यांत विनवणी होती.

"उठवा त्यांना," मी म्हटलं. "एरॉल, उठव! उपवासकाळापासून तुझा बाप आडवा झालेला नाही. त्याला श्वास येत नाही."

"हेलन," प्लासिड म्हणाले.

"क्रूस माझा मी बघून घेईन."

मग नताशाने पुढे होऊन त्यांच्या सुजलेल्या नडगीवर बोट दाबलं. बोट काढलं तरी खळगा तसाच राहिला. एरॉल माझ्यावर ओरडला, "आणि हे तू आज सांगतेस? तंबू ठोकून झाल्यावर?" त्याचा आवाज फाटला होता. त्याने बापाला उचलून गाडीत बसवलं. वाटेत मी प्लासिडच्या पाठीवर हात ठेवला तर त्यांनी खांदा झटकला.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, फुप्फुसात पाणी भरलंय, आणखी उशीर केला असता तर आणायलाच नको होतं. नाकाला नळी लावली, सुई दिली. नर्सने पलंगाच्या पायथ्याचा दांडा फिरवला आणि पलंगाचा अर्धा भाग त्यांना घेऊन वर आला.

"एवढं पुरे?" तिने विचारलं.

"अजून थोडं," मी म्हटलं. किती उंच लागतं ते माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

बाहेर एरॉल नताशाशी बोलत होता. टिफनीची खोली रिकामी करू. लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे. वाडी कुणाला तरी कसायला देऊ. आता त्यांना नंदाखालला सोडायचं नाही.

प्लासिडनी डोळे उघडले.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"तू केलंस हे."

"होय."

ते आणखी काही बोलतील म्हणून मी वाट बघत राहिले. पण त्यांची मान उशीवर कलली आणि ते घोरायला लागले, पूर्वी घोरायचे तसे, मोठ्याने. उन्हाळ्याचे दिवस होते आणि वाडीत केळींना संध्याकाळचं पाणी लावायचं राहिलं होतं.