लोसाने धरलेला हात

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि असं एक गाव मनात आणा, जिथे मतदार अवघे अडतीस आहेत आणि सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी लागतात. आमचं नीउए बेट एवढंसं, पण कारभार आमचा आम्हीच करतो. वीस जणांची विधानसभा आहे आणि तिच्यात प्रत्येक गावाचा एक माणूस बसतो. त्या वर्षी आमच्या गावातून दोघं उभी होती : विलिसोनी आणि त्याची थोरली बहीण मोका.

"विली, हरलास तर माझ्या तारोच्या कंदांच्या शेतात खुरपायला ये," मोका चर्चच्या पायरीवरून सगळ्यांसमोर म्हणाली. "जेवायला घालीन. पगार मात्र मिळायचा नाही."

"आणि तू हरलीस तर बरंच, ताई. विधानसभेचे कान वाचतील."

लोक हसले. विलिसोनीची दहा वर्षांची मुलगी लोसा मात्र हसली नाही. उभं राहायचं म्हणून बाबाने पाणीखात्यातली नोकरी सोडली होती. "हरलो तर शुक्रवारच्या विमानाने ऑकलंड," तो आईला सांगत असताना तिने ऐकलं होतं. "इथे दुसरं काम आहे कुठे?" ऑकलंडला गेलेल्यांची घरं लोसाला माहीत होती. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, दारावर वेल चढलेले. तिच्या वर्गातल्या तिघांची घरं तशीच झाली होती.

मतदानाच्या दिवशी शेजारच्या अटालोमा आजीने लोसाचं मनगट पकडलं. आजीला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं, म्हणून विश्वासातलं माणूस आत न्यायची तिला परवानगी होती.

पडद्याआड गेल्यावर आजी कुजबुजली, "मोकाच्या नावापुढे खूण करायचीय. पेन्सिल तेवढी नीट टेकवून दे. आणि बापाला बोलू नकोस हं. लहानपणी मी त्याला आंघोळ घातलीय, वाईट वाटेल त्याला."

कागदावर नावं दोनच होती. वर मोका, खाली विलिसोनी. लोसाने आजीचा हात धरला. वरच्या नावाशी तो क्षणभर थांबला आणि मग एक ओळ खाली सरकला.

"बरोबर जागी आहे ना गं?"

"हो, आजी."

आजीने जोर लावून खूण केली.

संध्याकाळी गावच्या हॉलमध्ये मोजणी झाली. मोका एकोणीस, विलिसोनी एकोणीस. हिशेब करायला तिला बोटंसुद्धा लागली नाहीत. खरं तर आत्या जिंकली होती, वीस विरुद्ध अठरा.

"मतं समसमान झाली की चिठ्ठी. कायदाच आहे तसा," निवडणूक अधिकारी हेगाकाका म्हणाले. त्यांनी दोन चिठ्ठ्यांवर दोन नावं लिहिली, सारख्या घड्या घातल्या आणि डोक्यावरची विणलेली टोपी काढून तिच्यात टाकल्या.

मोकाआत्या टोपीकडे टक लावून बसली होती. बाबा तळहात पुन्हा पुन्हा मांडीवर पुसत होता.

चटईवर लोसाशेजारी बसलेली अटालोमा आजी तिच्या कानाशी लागून हळूच म्हणाली, "बघ, माझ्या एका मताने मोकाला वाचवलं. नाहीतर आत्ताच पडली असती बिचारी. तू नसतीस तर मी काय केलं असतं गं?" आणि तिने लोसाचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

बोलावं तर शुक्रवारचं विमान. गप्प राहावं तर चिठ्ठी बाबाची निघू शकते, मग घर राहील, शाळा राहील, आणि आजीला कधीच कळणार नाही.

हेगाकाकांनी टोपी हलवली. बाबाने मान वळवून लोसाकडे पाहिलं आणि एक डोळा मिचकावला. काकांचा हात टोपीत गेला.

लोसाने आजीच्या हातांतून आपला हात सोडवला. माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत ती टेबलापाशी गेली आणि तिने काकांचं मनगट पकडलं.

"काका, चिठ्ठी काढू नका," बापाकडे न बघता ती म्हणाली. "त्यातलं एक मत मी चोरलंय."