गुणाक्काची नळी

सुईण गुणाक्का कळा लागलेल्या बाईच्या घरी आली की आमच्या दिग्गी गावातल्या बाया दाराशी दाटी करीत. पोटावर बांबूची नळी टेकवून ती एकेकीला कान लावायला देई. आत बाळाचं काळीज टकटक वाजे. मग गुणाक्काच्या अंगात देवी येई.

"आता भूत धरंल बगा!"

आणि खरंच, पाणी फुटून टकटक मंदावे.

"कोंबडा कबूल करा! न्हाईतर नेतंय!"

कोंबडा कबूल होताच ती बाईला कुशीवर वळवी आणि काळीज पुन्हा धावू लागे. खोडाला कान लावून मधाचं पोळं शोधणारी माणसं आम्ही. कानानं ऐकलेलं खोटं कसं म्हणणार?

माझ्या पहिल्या बाळंतपणात टकटक दोनदा परतली. तिसऱ्यांदा नाही. निपचित आलेल्या लेकाच्या कानांवर मऊ लव होती.

"भूत थोराड हुतं," गुणाक्का म्हणाली.

वर्षभर दर आमोशेला मी त्या भुतासाठी भात ठेवला. उखळाचे घाव ऐकतानाही मला दोन घावांमधली शांतताच ऐकू येई.

मग माझी जाऊ पार्वती, तिच्या कळा सुरू झाल्या. माझ्या नणंद, तारावन्सं, बेळगावात नर्सचं काम शिकलेल्या. आदल्या दिवशीच कॅसलरॉक स्टेशनावर उतरून आल्या होत्या. गुणाक्काचा हात पांघरुणाखाली गेला तसं त्यांनी तिचं मनगट धरलं.

"अक्का, मूठ उघडा."

"देवीचा हात हाय, सोड!"

"देवीला काटा कशाला लागतो?"

मुठीत साळिंदराचा काटा होता, घासून टोकदार केलेला.

"म्हंजे माजं तीन कोंबडं," म्हातारी सावित्री ओरडली, "तूच वरपलीस व्हय गं!"

"भूत नाही," वन्सं म्हणाल्या. "पाणी म्हणजे बाळाची गादी. डोकं वर असताना ती फोडली, तर कळ आली की नाळ दाबली जाते, काळीज मंदावतं. कळ ओसरली, कूस बदलली, की बहुतेकदा सुटते. नाळच खाली घसरली तर सुटत नाही. डॉक्टरही पाणी फोडतात, पण गरज असेल तर, डोकं खाली आलंय ना ते बघून. आणि नंतर ऐकत राहतात."

मग आम्ही नुसतं थांबलो. नळीला कान लावून मी बसले. कळांमागून कळा गेल्या. टकटक चालूच राहिली. पाणी आपसूक फुटलं आणि पार्वतीची पोर रडतच आली.

पुढं माझी लेकही वन्संच्याच हातांवर आली. ती झोपली की हे लिहिते. आमोशेचा भात मी बंद केलाय. माझ्या लेकाला भुतानं नेलं नाही. काट्यानं नेलं, आणि त्या वेळी आम्ही सगळ्या हात जोडून बसलो होतो.

बायांनो, कानानं ऐकलंत ते खरंच होतं. पण त्याचं कारण सांगणारीला आधी विचारा: तुझा हात कुठं होता?