दोनशे शहात्तर संपली

एकसष्ट सालच्या फेब्रुवारीत अकोल्याच्या जठारपेठेत शकुनबाईंना अमरावतीहून धाकट्या भावाचं कार्ड आलं. ‘ताई, दोनशे शहात्तर संपली. शेवटी एक आला. रविवारी शिक्षकांच्या सभेत सांगणार आहे.’

शकुन आणि हा भाऊ देवमन, दोघंही गणित शिकवायचे. वर्षभर त्यांचा एकच उद्योग चालला होता. एखादी संख्या घ्यायची, तिच्याहून लहान असे तिचे सगळे विभाजक मिळवायचे आणि आलेल्या बेरजेचं पुन्हा तेच करायचं. बारापासून निघालं की सोळा, पंधरा, नऊ, चार, तीन, एक, संपलं. दोनशे शहात्तर मात्र मध्ये थोडी उतरून पुन्हा चढत गेली होती.

कार्डावर खाली लिहिलेली आकड्यांची साखळी तिनं पडताळली. १०१६४ पर्यंत ठीक. पुढे त्यानं १९४१९ लिहिलं होतं. तिला १९६२८ आले. पुन्हा केलं, तेच आले. सभा परवावर, पत्र पोचणार नव्हतं. शनिवारी शाळा सुटताच ती चरफडत अमरावतीच्या मोटारीत बसली.

“चूक तुयी असन,” देवमन दारातच म्हणाला. “मी पंधरा दिवस हेच करून राहिलो.”

“दहा हजार एकशे चौसष्टचे विभाजक किती आले?”

“चौतीस. ती संख्या धरून.”

“छत्तीस पायजेत.”

“मले शिकवू नको, ताई.”

“काहून नको? उद्या चार लोकांत हसं करून घेशील! वाच जोड्या.”

त्यानं वही आपटली आणि वाचू लागला. “सहासष्ट, एकशे चोपन्न. चौऱ्याऐंशी, एकशे एकवीस...”

“थांब. सत्त्याहत्तर कुठी गेले?”

सत्त्याहत्तर आणि एकशे बत्तीस, गुणाकार १०१६४; ही जोडीच सुटली होती. दोनशे नऊ कमी पडले होते, आणि तेवढ्यानं साखळी घसरत एकावर आली होती.

“हेडमास्तरायले सांगतलं मी,” तो म्हणाला. “सभेच्या पत्रिकेत नाव छापलं.” रात्री तो जेवला नाही. शकुनला त्याचाही राग आला आणि स्वतःचाही. साखळी संपावी असं तिलाही वाटत होतंच.

सभेत तो उभा राहिला. “मी चुकलो. माझ्या बहिणीनं चूक काढली.”

“मग शेवटी येतं किती?” कुणीतरी विचारलं.

“ठाऊक नाही.”

लोक हसले. अध्यक्षांनी पुढचं नाव पुकारलं. मोटार स्टँडवर त्यानं बहिणीला मोटारीत बसवलं आणि मोटार निघायच्या आधीच पाठ फिरवली.

आठ दिवसांनी कार्ड आलं. खुशाली नाही, नमस्कार नाही. १९६२८, १९६८४, २२८७६, २६४०४. खाली एवढंच, ‘पडताळ.’

“याले काही रीतभात?” ती पुटपुटली आणि पेन्सिल घेऊन बसली. सगळ्या बेरजा बरोबर होत्या. पुढच्या बेरजेची जागा त्यानं तिच्यासाठी मोकळी सोडली होती.