वाढत्या मापाची

हसू नका, पण मी शेंद्र्यातली स्नोबोर्ड बोलतेय. बर्फावरून घसरायची फळी, तीही खास मुलींसाठी बनवलेली, वेगाची. इथं बर्फ दिसतो तो रसवंतीत. शेजारच्या आशाबाईंना तर मी आधी इस्त्रीचं टेबलच वाटले.

सांडू इथल्याच एका कारखान्यात कामाला आहे. त्याची मुलगी सुलेखा कॉलेजच्या एनसीसीतून गुलमर्गला गेली आणि भाड्याच्या फळीवर सगळ्यांच्या पुढे निघाली. पुढच्या हिवाळ्यात राज्याच्या संघाची निवड होती. तिने महिनाभर मोबाइलवर फळ्या पाहिल्या, प्रशिक्षकांना विचारलं आणि कागदावर लिहिलं: मुलींची, कडक, लांबी एकशे त्रेचाळीस सेंटिमीटर. तिच्या वजनाला तेवढीच झेपणार होती.

सांडूने दिल्लीच्या दुकानात फोन लावला. कागद हातातच होता. तरी म्हणाला, "एकशे बावन्न द्या. पोरीचं अंग अजून भरायचंय. चार वर्षं तरी चालंल." तिचा शाळेचा गणवेश, चपला, सायकल, सगळं त्याने असंच वाढत्या मापाचं आणलं होतं.

अशी मी आले. सुलेखाने खोकं उघडलं, माझ्यावरचा आकडा दोनदा वाचला. सांडू दारात उभा राहून तिच्या तोंडाकडे बघत होता.

"लई भारी हाय, पप्पा," ती म्हणाली.

निवडीच्या दिवशी गुलमर्गच्या उतारावर, तिसऱ्या वळणाला तिने मला वळवायला जिवाचं रान केलं. मी वळले नाही. जास्तीचे नऊ सेंटिमीटर आडवे आले. तिचा गुडघा गेला, तो आवाज मी सगळ्यांत जवळून ऐकला. अजून विसरता येत नाही.

घरी आल्यावर सांडूने विचारलं, "कशी काय पडली गं?"

"बर्फच खराब व्हता, पप्पा."

आता ती एका ऑफिसात बसते, जिना एकेक पायरी थांबत चढते. सांडू दर रविवारी माझ्या पोलादी कडांना खोबरेल लावतो, गंज धरू नये म्हणून. "गुडघा बरा झाला की जाऊ परत," तो म्हणतो, "फळी काय, लई दिवस पुरंल." सुलेखा आतून "व्हय" म्हणते.

तुमच्या ओळखीत एखादी उंच, भरल्या अंगाची मुलगी असेल, तर मला तिच्यासाठी घेऊन जा. मला एकदा तरी नीट वळायचंय. फक्त न्यायला याल तेव्हा सांडूसमोर माझ्या लांबीचा विषय काढू नका. पोरीने तो अजून काढलेला नाही.