वजा अठरा

मी एक जुना आकडे दाखवणारा मीटर आहे. मित्रांनो, मी रागावलेलो आहे, हे आधीच सांगून टाकतो. गोड बोलणं आज माझ्याकडून होणार नाही.

माझा जन्म एका लांब टेबलावर झाला. एका बाईने भिंगातून बघत माझ्या पोटात बारीक तारा जोडल्या आणि मला उकळत्या पाण्याची व बर्फाची परीक्षा द्यायला लावली. दोन्ही वेळा मी अचूक आकडा दाखवला. तिने पाठीवर शिक्का मारला: पास. त्या शिक्क्याचा मला फार अभिमान होता.

मग मी कापड रंगवायच्या कारखान्यात आलो. तिथे आठ बंद टाक्या होत्या. त्यांत कापड आणि रंग कोंडून कडक तापवत, मग गार करत. माझी टाकी सातवी. आत किती गरम आहे ते लाल आकड्यांत दाखवायचं आणि आकडा ऐंशीच्या खाली आला की झाकणाचं कुलूप सोडायचं, एवढंच माझं काम. आम्ही आठही मीटर एकाच वायरीवर होतो. ती वायर ऑफिसातल्या संगणकापर्यंत जाई. तिथून आदेश येत. आधी नंबर, मग हुकूम. "सात, आकडा सांग." मी सांगायचो. दुसऱ्याचा नंबर आला की गप्प बसायचो. आदेश पाळायचा, उलट विचारायचं नाही, अशीच आमची घडण.

माझ्या टाकीवर मामा होते. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणे. त्यांची बायको, म्हणजे मामी, पलीकडे घड्या घालायच्या खोलीत होती. मामा झाकणाला हात लावण्याआधी माझ्याकडे बघत आणि म्हणत, "बोल रे साताप्पा, उघडू का?" नवी माणसं हसत. मामा म्हणत, "हसा. बावीस वर्षं झाली, हाताला एक फोड नाही."

मग नवे साहेब आले. त्यांना सगळं लवकर हवं होतं. टाकी गार व्हायला जी वीस मिनिटं लागत, ती त्यांच्या डोळ्यांत खुपत. एका सकाळी टाकी गार होत असताना वायरीवरून आदेश आला. "सात, प्रत्येक आकड्यातून अठरा वजा कर." मी केले. दुसरं काय करणार? आत अठ्ठ्याण्णव असताना मी ऐंशी दाखवू लागलो. पुढचा घाणा भरला, की दुसरा आदेश यायचा. "वजाबाकी शून्य कर." कोणाला पत्ता लागायला नको ना! चार नंबरला, पाच नंबरला, सगळ्यांना तेच. ज्याच्या पाठीवर पासचा शिक्का, त्याच्याच तोंडून खोटं वदवलं. मी संतापाने जळत होतो, पण आकडे माझे शांतच दिसत होते.

अकरा दिवस तसं चाललं. मामा एकदा म्हणालेही, "हल्ली वाफ जास्त वाटते." साहेब म्हणाले, "मीटरवर विश्वास ठेवा ना! तो काय खोटं बोलतो?"

बाराव्या दिवशी मामांनी माझ्याकडे बघितलं. मी एकोणऐंशी दाखवत होतो. आत सत्त्याण्णव होते. "उघडतो रे," ते म्हणाले. झाकण उचललं आणि गरम रंगाचा लोट त्यांच्या उजव्या हातावर आला. कोणीतरी धावत जाऊन मुख्य वीज तोडली. मी विझलो.

साहेबांनी शून्याचा आदेश नक्कीच पाठवला असणार. पण वीज नसलेला मीटर बहिरा असतो. वजा अठरा माझ्या पोटात तसंच राहिलं.

मला काढून सामानाच्या खोलीत टाकलं. दारापलीकडून साहेबांचा आवाज येई. "मीटर जुना, माणूस घाईचा." चोर सोडून संन्याशाला फाशी, मित्रांनो, आणि इथे संन्यासी दोन!

चौकशीसाठी बाहेरून एक तपासनीस बाई आल्या. त्यांनी बोलणं कमी आणि ऐकणं जास्त केलं. दिवसभर कोणाला न सांगता त्या वायरीवर कान लावून बसल्या, म्हणजे जाणारा प्रत्येक आदेश त्यांनी टिपून घेतला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर टेबलावर मला वीज दिली. मामा हाताला बँडेज बांधून उभे होते. बाईंनी आदेश पाठवला. "सात, तुझ्या पोटात वजाबाकी किती?"

मी आयुष्यात इतक्या जोराने उत्तर दिलं नव्हतं. वजा अठरा.

"बिघाड असेल," साहेब म्हणाले.

"बिघाड कधी अकरा होतो, कधी तेवीस होतो," बाई म्हणाल्या. "हा कागद बघा. काल टाक्या गार होताना प्रत्येक मीटरला हेच सांगितलंय. तुमच्याच संगणकावरून. एवढं झाल्यावरही!"

साहेब पुटपुटले, "माल थांबला असता..."

तेव्हा मामी पुढे आली. ती कधी वर मान करून बोलली नव्हती. "चला साहेब," ती म्हणाली, "तुमचा आकडा, तुमचं झाकण. आज तुम्ही उघडा."

साहेब जागचे हलले नाहीत.

मामांवरचा आरोप मागे घेतला गेला. साहेबांना काढलं. आता आमचे हिशेब बदलायचे तर दोन माणसांच्या सह्या लागतात, आणि आदेश टाकीवरच्या माणसाला आधी वाचून दाखवावा लागतो. मला पुन्हा तपासलं, पुन्हा शिक्का मिळाला. पण मामांची तीन बोटं मिटत नाहीत. ते आता डाव्या हाताने जेवतात. चौकशीच्या दिवशी निघताना त्यांनी माझ्या काचेवरची धूळ डाव्या तळव्याने पुसली. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून सांगतो, मित्रांनो. आम्हाला पुसा, जपा, वेळच्या वेळी तपासा, ते तर कराच. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, खुर्चीत बसाल, एक बोट दाबून दूरच्या यंत्राला हुकूम द्याल. आम्ही तो मुकाट्याने पाळू. आम्हाला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येतं.