अम्म लबीब आणि न वाजलेला नी

गेल्या शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मुफीद डॉक्टरांच्या फोटोच्या जागी गाढव आलं. सात वर्षांत पहिल्यांदा. आणि ते मी आणलं, म्हणजे मी आणि इंजीने, म्हणजे खरं तर अम्म लबीबनी साठ वर्षांपूर्वीच आणून ठेवलं होतं. थांबा, नीट सांगते. चहा नंतर मागवा आणि मधे कुणी बोलू नका, नाहीतर माझं टोक सुटेल.

आमचा ग्रुप तुम्हाला माहितीये ना, 'बिन साखरेचे'. दोनशे-अडीचशे जण. कैरोचे, आमचे अलेक्झांड्रियाचे, मन्सूराचे, काही नोकरीपायी दुबईत गेलेले. सगळे जॅझवेडे. आई म्हणते, बाकीच्यांच्या मुली फोनवर मुलांशी बोलतात, माझी मेलेल्या ट्रम्पेटवाल्यांवरून भांडते. खोटं नाही ते. तिथे दिवसभर भांडणंच असतात. एकदा एका रेकॉर्डवरच्या टाळ्या खऱ्या की मागाहून चिकटवलेल्या, यावर दोघं अकरा दिवस भांडले. त्यातल्या एकाचं त्याच आठवड्यात लग्न होतं. लग्नाच्या वरातीतून उत्तर पाठवलं त्याने.

आणि शुक्रवारी दुपारी नमाज, जेवण सगळं उरकलं की तीन वाजता 'पट्टी'. पट्टी म्हणजे डोळ्यांवर पट्टी. एकजण एक तुकडा टाकतो, नाव न सांगता. बाकीच्यांनी फक्त कानाने ओळखायचं की कोण वाजवतंय, कुठलं, कधीचं. अंदाज म्हणून कुणीही काहीही सांगावं. पण 'पैज' असा शब्द लिहून सांगितलंत आणि चुकलात, तर आठवडाभर स्वतःच्या फोटोच्या जागी गाढव. मी तीनदा लावलंय. माझ्या मावशीने एकदा फोन करून विचारलं, सगळं बरं आहे ना म्हणून. मुफीद डॉक्टरांनी कधीच नाही. ते ग्रुप चालवतात, कैरोत हेलिओपोलिसला दातांचा दवाखाना आहे, घरी चार हजार रेकॉर्ड. 'पैज' लिहितात आणि बरोबर येतात. दात काढताना पण म्हणे पेशंटला वर्ष ओळखायला लावतात.

आता अम्म लबीब, म्हणजे लबीबकाका. अत्तारीन बाजाराच्या मागच्या बोळात त्यांचं दुकान आहे, फुंकायच्या वाद्यांच्या दुरुस्तीचं. वय चौऱ्याऐंशी. मी सॅक्सोफोन शिकले तो त्यांच्याकडेच, फुकट, फक्त येताना फूलचा, म्हणजे शिजवलेल्या घेवड्याचा, डबा आणायचा, लिंबू जास्त. तीन वर्षांपूर्वी मीच हौसेने त्यांना ग्रुपमध्ये घेतलं. त्यांनी एका बोटाने, दोन दिवस खपून, एक लांबलचक गोष्ट लिहिली. चौसष्टच्या ऑगस्टमध्ये समुद्राकाठच्या हॉटेलात जहाजावरचा एक ग्रीक बँड उतरला होता. त्यांचा टेनर सॅक्सोफोनवाला तापाने पडला. हॉटेलवाल्याने यांना बोलावलं. अम्म लबीब तेव्हा चोवीस वर्षांचे, आपला टेनर घेऊन धावत गेले. टेनर म्हणजे मोठा, घोगऱ्या आवाजाचा, बरं का. अल्टो त्याहून लहान आणि बारीक आवाजाचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. चीज उदास चालीची, पियानोच्या पांढरी पाचमध्ये. हवा इतकी दमट की वाद्याची एक चावी चिकटली, ती काळी तीनचीच. आता पांढरी पाच 'सा' धरला तर काळी तीन म्हणजे त्याच्या लगेच खालचा नी. ज्याच्यावरून 'सा'कडे यायचं तोच सूर मुका. अशी चावी चिकटली की सिगारेटचा पातळ कागद तिच्या गादीखाली घालून दाबायचा, ओल शोषली जाते, सुटते. पण वाजवता वाजवता कागद कुठून आणणार. तर यांनी चार फेऱ्या, म्हणजे अख्खी चाल चारदा, नी टाळून वाजवली. तिसऱ्या फेरीत ड्रमवाल्याच्या हातून काडी पडली, तोपण घाबरलेला. लोकांनी उठून टाळ्या दिल्या.

मुफीद डॉक्टरांनी खाली लिहिलं, "अम्म, त्या चालीत नी न लावता चार फेऱ्या कुणी काढू शकत नाही. समुद्राकाठच्या माणसांचे मासे नेहमी मोठे असतात."

चाळीस हसरे चेहरे आले त्याखाली. मी मोजले.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तर अम्म लबीबनी फोन माझ्यापुढे धरला. "पोरी, यातून बाहेर पडायचं बटण कुठलं ते दाखव." आणि मी दाखवलं. काय करणार होते. तेव्हापासून त्यांचा टेनर पेटीत. शिकवणं बंद, जॅझचा विषय बंद. मी फूल घेऊन जायचे, ते लग्नाच्या बँडवाल्यांच्या क्लॅरिनेटला गाद्या लावत बसायचे आणि आम्ही ट्रामबद्दल बोलायचो. तीन वर्षं ट्राम. मला नुसतं एवढं हवं होतं की कुणीतरी म्हणावं, हा माणूस खोटं बोलला नाही.

पण गंमत अशी की हे सगळं शुक्रवारी माझ्या डोक्यातच नव्हतं.

मागच्या महिन्यात जुन्या बाजारात मला टेपचं एक मोठं चाक मिळालं. खोक्यावर फक्त '६४' आणि चहाचा डाग. माझ्याकडे टेपचं यंत्र आहे, मामाचं, पण त्याचा रबरी पट्टा मोटरच्या दांड्यावरून घसरायचा. मी काय केलं, दांड्याला चिकटपट्टीचे वेढे दिले. दांडा जाड झाला, पट्टा धरला, यंत्र झकास चालायला लागलं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे मी, आणि मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. त्या चाकावर शेवटी चार मिनिटांचा तुकडा होता, बँड, कुठल्यातरी हॉटेलातली खळखळ, आणि एक सॅक्सोफोन. अरे, काय वाजवत होता तो. कडेकडेने चालल्यासारखा. माझ्या अंगावर काटा आला, मी फोनमध्ये भरला आणि पट्टीला टाकला.

ग्रुप पेटला. कुणी पोलिश म्हणालं, कुणी अर्जेंटिना. सगळ्यांचं एकाच गोष्टीवर एकमत, अल्टो आहे. मलाही अल्टोच वाटला. मग साडेतीनला मुफीद डॉक्टर आले. "अल्टो. इटालियन, मिलानकडचा. ऐका, चार फेऱ्यांत नी एकदाही लावलेला नाही. याला म्हणतात संयम. असा कान घडायला शंभर वर्षांचं संगीत मागे असावं लागतं. पैज."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीपण लिहिलं, वा डॉक्टर. हो, मीच. माझ्या डोक्यात अजून काहीही पेटलं नव्हतं.

आणि मग इंजी. मन्सूराची, बास वाजवते, तो माणसाएवढा उभा धरायचा असतो ना, तो. ती फारसं बोलत नाही, कारण तिच्या मते बासवाल्याने मोजकंच बोलावं. तिने मला वेगळा फोन केला. म्हणाली, मी या तुकड्याबरोबर वाजवून बघतेय आणि काहीतरी भूत आहे यात. ही चीज काळी चारमध्ये येतेय. उदास चाल काळी चारमध्ये कोण वाजवतं, शिक्षा म्हणून? मी म्हटलं, असतील इटालियन, त्यांचं काय सांगावं. ती म्हणाली, "ते सोड. त्यांचा बासवाला सारखा मोकळी तार वाजवतोय. बोट न ठेवता. मोकळ्या तारेची गुंज वेगळी असते, मला झोपेत कळेल. पण राव्या, बासला काळी चारची मोकळी तार नसते. सगळ्यात बारीक तार पांढरी पाचला असते. जगात सगळीकडे."

मी म्हटलं, मग हा कुठली छेडतोय?

ती म्हणाली, "तुझं यंत्र पळतंय का गं?"

चिकटपट्टी. मी फोन कानाला तसाच धरून मोटरकडे बघितलं. माझे ते लाडके वेढे. दांडा जाड, म्हणजे पट्टा जास्त पळणार, म्हणजे टेप जास्त पळणार, म्हणजे सूर चढणार, आणि टेनरसुद्धा अल्टोसारखा बारीक ऐकू येणार. पहिल्या वर्षाचं गणित आहे हे. मी नखाने वेढे सोलून काढले, पट्टा हाताने ताणून धरला आणि चालू केलं. इंजी पलीकडून आपली मोकळी तार छेडत राहिली. जुळली. तंतोतंत जुळली. आणि सॅक्सोफोन खाली उतरला, जाड झाला, घोगरा झाला. टेनर.

इंजी हळूच म्हणाली, आता पांढरी पाच. म्हणजे जो नी गायब आहे तो काळी तीन.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात पेटलं. मी तिला म्हटलं, तीन वर्षांपूर्वीचं शोध, अम्म लबीबचा मेसेज, खाली खाली जा. ती शोधेपर्यंत मी टेप ऐकत होते, आणि तिसऱ्या फेरीत, तुम्हाला शपथेवर सांगते, मघाशी मला बश्या आपटल्यासारखं वाटलं होतं ते, टक, टक-टक, घरंगळत जाणारी लाकडी काडी.

मी ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. नीट वेगाचा तुकडा फोनमध्ये भरला आणि पळाले. ट्राम येईना म्हणून पळतच. अम्म लबीब दुकानासमोर खुर्ची टाकून बसले होते, म्हणाले, आज फूल नाही? मी म्हटलं, आज पट्टी. त्यांचा चेहरा एकदम उतरला. मला त्या लोकांचं काही ऐकायचं नाही, म्हणाले. मी म्हटलं, लोकांचं नाही, एकच तुकडा, माझ्यासाठी. आणि सांगितलं काहीच नाही. नियम म्हणजे नियम.

त्यांना हल्ली कमी ऐकू येतं. फोन कानाला लावून, डोळे मिटून बसले. पहिली फेरी. काही नाही. दुसऱ्या फेरीत त्यांच्या डाव्या हाताची करंगळी मांडीवर हलायला लागली, दाबतेय, सोडतेय, पुन्हा दाबतेय. त्याच बोटाने ती चावी दाबतात.

"याची चावी चिकटलीये," ते म्हणाले. "कुणीतरी सिगारेटचा कागद द्या रे त्याला."

मग काडी पडली. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्यांच्या घरात चोरी केलीये. संपल्यावर म्हणाले, परत लाव. तीनदा लावला. तिसऱ्यांदा ऐकून म्हणाले, "दुसरी फेरी घाईत गेली. घाबरलो होतो." बस. साठ वर्षांनी स्वतःला ऐकलं आणि माणूस चूक काढतो.

तेवढ्यात इंजीने ग्रुपवर टाकलं होतं. आधी नीट वेगाचा तुकडा, मग मोकळ्या तारेचं गणित, आणि शेवटी अम्म लबीबचा जुना मेसेज, त्याखालच्या चाळीस हसऱ्या चेहऱ्यांसकट. स्वतःचं एक वाक्य नाही. बासवाली ना.

मी दुकानाच्या पायरीवर बसून बघतेय, 'मुफीद लिहीत आहेत', थांबले, पुन्हा लिहीत आहेत, थांबले. मग चार-दहाला गाढव आलं. आणि त्याखाली, "अम्म लबीब, तीन वर्षांपूर्वी तुमच्या ज्या गोष्टीला मी थाप म्हटलं, त्याच गोष्टीला आज संयम म्हटलं, कारण मला वाटलं माणूस मिलानचा आहे. हे गाढव तीन वर्षं राहील. परत या."

मी इंजीचं आणि हे, दोन्ही वाचून दाखवलं. अम्म लबीब म्हणाले, तीन वर्षं कशाला, तोवर मी असेन की नाही, आठवडा पुरे. दातांच्या डॉक्टरच्या फोटोत गाढव, पेशंट पळतील. पण उठले. आत गेले. पेटी ओढायचा आवाज आला, तो आवाज मी तीन वर्षांत ऐकला नव्हता.

टेनर गळ्यात घातला. खिशातून सिगारेटच्या कागदाची पुडी काढली, सिगारेट सोडून वीस वर्षं झाली त्यांना, तरी पुडी असतेच, एक कागद त्या चावीखाली घातला, दाबला, ओढून काढला. निवांत. ग्रुपवरचे अडीचशे जण ताटकळत असताना, इतकं निवांत.

"आता तुझं ते दाब," म्हणाले. "आत यायचं बटण."

मी त्यांना परत ग्रुपमध्ये घेतलं आणि रेकॉर्डिंग चालू केलं. त्यांनी पाचवी फेरी वाजवली. कडेकडेने, तशीच, नी टाळून, शेवटच्या ओळीपर्यंत तसंच. आणि मग अगदी शेवटी तो नी लावला. लांब. श्वास संपेपर्यंत धरला, समोरचा खाटीक सुरी खाली ठेवून बाहेर आला, आणि तिथून ते 'सा'वर आले.

पाठवू का, मी विचारलं.

"पाठव," ते म्हणाले. "आणि त्या बासवाल्या पोरीला विचार, शुक्रवारी बास घेऊन इकडे येणं जमेल का."