डेझीच्या पोटात हात

"उदबत्ती इझव! आधी उदबत्ती इझव, देवाचं मंग पाहू!"

भोजराजचा आवाज बोटीच्या पोटातून आला. पाठोपाठ पेट्रोलचा वास आला आणि वैनगंगेच्या काठावर जमलेली माणसं दोन पावलं मागे सरकली. पूजेचं ताट घेऊन उभ्या असलेल्या अनुसयाने उदबत्ती वाळूत खुपसली. "घ्या. आता देवबी बिनदिव्याचा," असं ती नवऱ्याला ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणाली.

डेझी ही शिडाची होडी. खाणीवरच्या कुण्या गोऱ्या साहेबाने ती हौसेने आणवली, आणि बालाघाटला समुद्र नाही हे लक्षात आल्यावर तिच्यात पेट्रोलचं इंजिन बसवलं. साहेब विलायतेला गेला, डेझी इथेच राहिली. मध्यंतरी तिच्या शिडावर गावाने वड्या-पापड वाळवले. शेवटी लिलावात ती लाकडाचे व्यापारी मोतीलाल सेठ यांनी घेतली. सेठना नदीचं प्रेम नव्हतं, सागवानाचं होतं. नव्या घराला दारं बसवायची होती, आणि एवढी मुरलेली फळी आता कुठे मिळते?

भोजराज भरवेलीच्या खाणीत पंप दुरुस्त करायचा. माणूस आयुष्यभर जमिनीच्या पोटातलं पाणी बाहेर फेकत राहिला की त्याला पाण्यावर बसून कुठेतरी जावंसं वाटत असावं. पाच वर्षं त्याने सुटीचा प्रत्येक दिवस डेझीवर घालवला. सासुरवाडीचं एक लग्नही बुडवलं. ते अनुसयाच्या हिशेबात अजून कोरडं झालेलं नव्हतं. अखेर सेठ म्हणाले होते, "कार्तिक पूर्णिमा को दोपहर तक चल गई तो नाव तेरे हाथ में. मेले की सवारी ढो. नहीं चली, तो लकडी."

आणि सेठ शब्दाचे पक्के. आज पूर्णिमा होती, सूर्य डोक्याकडे सरकत होता, आणि आरा चालवणारा पुनाराम सकाळपासून काठावर येऊन बसला होता. त्याचा लांबलचक आरा गोणपाटात गुंडाळून मांडीवर होता, झोपलेल्या लेकरासारखा.

"मले काई घाई नाई भोजराज," तो दर थोड्या वेळाने सांगे, "चालू दे तुयं."

झालं होतं असं, की वरच्या पितळी झाकणातून ओतलेलं पेट्रोल टाकीत न जाता बोटीच्या तळाशी उतरलं होतं. झाकणापासून टाकीपर्यंतचा रबरी पाइप भोजराजने गेल्या वर्षी स्वतः बदलला होता. खाणीतल्या पंपाचा, पाण्याचा, नवाकोरा. पंपवाल्याचा हिशेब सरळ होता: पाणी पातळ, पेट्रोलही पातळ. पेट्रोलला तो मान्य नव्हता. वर्षभरात त्या पाइपाचा चहात बुडवलेला पाव झाला होता.

"बस डेपोतला तेजराम म्हनलाच होता," भोजराज वर येत म्हणाला. त्याच्या हातात तेजरामने दिलेला पाइप होता, जाड, काळा, खास पेट्रोलचा. "ठेव जवळ म्हने. मी म्हनलं, कायले?"

"तुमी कोनाचं आयकता?" अनुसया म्हणाली.

तळातलं पेट्रोल फडक्यांनी टिपून बादल्यांत पिळलं, बादल्या दूर नेल्या, शिडाच्या कापडाने पोटात वारा घातला. वास विरला. जुना पाइप तुकड्यातुकड्याने ओढून काढला, नवा झाकणाच्या बाजूने आत सोडला आणि वरचं टोक आवळलं. राहिलं खालचं टोक. ते टाकीच्या तोंडावर चढवायचं होतं, आणि टाकीच्या मागे जेमतेम मनगट जाईल एवढी फट. गेल्या वर्षी मागची फळी उघडी होती. नंतर भोजराजनेच ती खिळ्यांनी ठोकून डांबराने अशी पक्की केली होती, की स्वतःचा अभिमान वाटावा.

त्याने हात घातला. बोटांच्या पेरांशी अडकला. तिरपा घातला, सालटं निघालं.

"फळी मी कापून देतो," पुनाराम आशेने म्हणाला. "पन मंग बाकीच्याबी कापा लागतीन."

भोजराजने बायकोकडे पाहिलं. अनुसयाचा हात बारीक होता. पण त्यात कोपराच्या दिशेने निघालेला हिरवा चुडा होता, कालच भरलेला.

"बांगड्या काढतं काय? घडीभर."

"तुमी धडधाकट समोर उभे असतांनी मी हात रिकामे करू?"

"त्याले घडीभर गोंदियाले धाडा," पुनारामने तोडगा सुचवला. लोक हसले. भोजराज हसला नाही. त्याला सूर्य दिसत होता.

तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, "माया हाताले काय अडचन हाय?"

रुख्माबाई बांगडीवाली. जत्रेत धंदा करायला आलेली. बांगड्यांची टोपली डोक्यावरून उतरवून तिने दोन्ही हात पुढे केले. हात लांब, चिवट आणि उघडे होते. तालुक्यातल्या निम्म्या नवरींना तिने चुडे भरले होते. स्वतःच्या मनगटावर मात्र नवरा गेल्यापासून काच नव्हती. लग्नघरी ती चुडा भरून हळदीच्या आधी मागच्या दाराने निघून जाई. तिला कुणी जा म्हणत नसे. थांबही म्हणत नसे.

सेठ खाकरले. "शुभ काम है, भोजराज. पहला हाथ..."

"सेठजी," रुख्माबाई म्हणाली, "तुमच्या सुनेचा चुडा कोनं भरला? तवाबी हात हाच होता."

सेठनी सूर्याकडे पाहिलं. भोजराज एवढंच म्हणाला, "या मावशी."

चहावाल्याकडून किटलीभर गरम पाणी आलं. पाइपाचं टोक त्यात बुडवून मऊ केलं. रुख्माबाईने कनवटीचा साबणाचा तुकडा काढला, टोकाला आतून फेस लावला आणि फळीवर आडवं पडून खांद्यापर्यंत हात डेझीच्या पोटात घातला.

"ढकला मावशी! जोरानं!"

"ढकलून का बांगडी चढते?" ती डोळे मिटून म्हणाली. आणि मग अगदी हळू, कुण्या घाबरलेल्या पोरीशी बोलावं तशी पाइपाशी बोलू लागली, "ढिला सोड, माय. अंग चोरू नोको. हे एक हाड गेलं का झालंच... रडू नोको... हं... फिर जराशी... हं!"

आत काहीतरी 'फस्स' झालं.

"बसली," रुख्माबाई म्हणाली.

भोजराजने लांब पेचकसाने वरून क्लिप आवळली. पेट्रोल ओतलं. सगळ्या काठाने श्वास धरला. पुनारामसुद्धा वाकून ऐकत होता. तळ कोरडा! मग दोरी ओढली. इंजिन खोकलं. पुन्हा ओढली. पुन्हा खोकलं. तिसऱ्यांदा डेझी अशी गरजली, की काठावरचे बगळे उडाले आणि भोजराजच्या तोंडून जे निघालं त्याला कुठल्याच भाषेत अर्थ नव्हता.

"चालली! अवो, चालली!" अनुसया ताटासकट नाचत होती. सेठनी एकदा सागवानाकडे पाहिलं, एकदा आकाशाकडे. सूर्य माथ्याच्या पूर्वेला बोटभर होता. "ले जा," ते म्हणाले.

नारळ फुटला. पहिल्या फेरीला पाच सवासनी, हे आधीच ठरलेलं. त्या हसत, किंचाळत चढल्या.

"मावशी, चला ना," भोजराज म्हणाला.

रुख्माबाई वाळूने हात घासत होती. "पयल्या फेरीले तुमच्या सवासनी बसू दे. मी बसन दुसऱ्या फेरीले." आणि ती टोपलीशी जाऊन बसली, सवयीने, जरा बाजूला.

डेझी पाणी कापत निघाली. शीड फुगलं, त्याची गरज नव्हती, पण तेही आज ऐकेना. भोजराजला वाटत होतं, ही नदी अशीच लांबत जावी. मधल्या धारेत अनुसयाला आठवलं, "हळदीचा पंजा राह्यला!" नव्या कामावर सवासनीने हळदीचा हात उमटवायचा असतो. तिने तळवा हळदीत बुडवला आणि पितळी झाकणाशी वाकली.

झाकणाशेजारच्या फळीवर पंजा आधीच उमटलेला होता. काळा, वंगणाचा, पाची बोटं स्वच्छ. आतून हात काढून उठताना रुख्माबाईने तिथे भार दिला होता.

एक सवासनी म्हणाली, "पूस वो ते."

भोजराजने सुकाणूवरून पाहिलं. अनुसयाने डाव्या हाताने फडकं घेतलं. फडक्याने नुसतं पितळी झाकण पुसलं, लखलखेपर्यंत. मग काळ्या पंजाला जागा सोडून तिने आपला पिवळा हात शेजारी टेकवला.

"वळवा," ती नवऱ्याला म्हणाली.

"आत्ताच? अजून पल्याड..."

"दुसरी फेरी हाय ना?"

भोजराजने सुकाणू वळवलं. काठावर रुख्माबाई बसलेली दिसत होती. समोर पुनाराम, आरा बाजूला ठेवून, बायकोसाठी बांगड्या निवडत होता.

रुख्माबाईने मान वर केली नाही. इंजिनाचा आवाज जवळ येताच मात्र टोपली फडक्याने झाकायला घेतली.